शस्त्रनियमन आणि लोकमत : कंधार परिसराच्या अनुभवातून एक विचार

१

शस्त्र बाळगण्यावर राज्यसंस्थेचे नियंत्रण असावे की नसावे, आणि असावे तर ते किती कडक असावे, हा प्रश्न आधुनिक भारताच्या राजकीय विचारात सुमारे दीडशे वर्षे वावरत आहे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याला राष्ट्रीय पुढाऱ्यांनी पन्नास वर्षे सातत्याने विरोध केला. १९३१ मध्ये कराचीच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत गणला गेला. परंतु १९४८ च्या डिसेंबरात तोच हक्क राज्यघटनेत समाविष्ट करण्याची सूचना घटना समितीपुढे आली, तेव्हा ती फेटाळण्यात आली. या घटनाक्रमाचा अर्थ लावताना, सत्ता हाती आली की सत्तेविषयीचे मत पालटते, या सर्वपरिचित नियमाचा आधार सामान्यतः घेतला जातो. हे स्पष्टीकरण अगदीच चुकीचे नाही. तथापि ते अपुरे आहे. ते केवळ ब्रिटिश मुलखातील सुशिक्षितांचे लोकमत विचारात घेते. ज्या प्रजेवर १८७८ चा कायदा थेट लागू नव्हता, त्या संस्थानी प्रजेचा अनुभव त्यात कोठेच येत नाही.

मराठवाडा हा असा प्रदेश होय. अठराव्या शतकापासून १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्याचा भाग होता. नांदेड जिल्ह्यातील कंधार हा त्यातीलच एक तालुका. येथून या प्रश्नाकडे पाहिले असता लोकमताचे स्वरूप निराळे दिसते. कायदा कडक असावा की सैल, हा वाद येथे सहसा मुख्य नव्हता. तो कोणासाठी कडक आणि कोणासाठी सैल, हे येथील माणसाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे होते. हीच कसोटी ब्रिटिश मुलखातील लोकमतालाही लावून पाहिली, तर १८८७ च्या मागणीत आणि १९४८ च्या नकारात वाटते तेवढी विसंगती राहत नाही, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

येथे साधनांविषयी एक अडचण आरंभीच नमूद केली पाहिजे. पुणे-मुंबईकडील लोकमत वृत्तपत्रांतून, अर्जांतून आणि सभांच्या ठरावांतून नोंदले गेले. निजामाच्या राज्यात सभा भरवण्यासच पूर्वपरवानगी लागे. ‘गश्ती क्रमांक ५३’ या नावाने ओळखले जाणारे परिपत्रक त्यासाठी कुप्रसिद्ध होते. तालमी आणि आखाडे यांवरही सरकारची नजर असे. अशा ठिकाणी लोकमताचा पुरावा ठरावांत सापडणार नाही. तो भाषेत, रूढींत आणि प्रत्यक्ष वर्तनात शोधावा लागतो.

२

मन्याड नदीच्या खोऱ्यातील कंधार हे राष्ट्रकूटकाळापासून प्रसिद्ध असलेले ठाणे आहे. खंदकाने वेढलेला तेथील भुईकोट किल्ला दख्खनच्या अनेक सत्तांनी आळीपाळीने ताब्यात ठेवला. १६३१ मध्ये शाहजहानचा सरदार नसिरी खान याने तो निजामशाहीकडून जिंकून घेतला. त्या वेढ्याचे चित्र ‘बादशाहनाम्या’च्या सचित्र हस्तलिखितात आढळते. तोफ आणि बंदूक या वस्तू या भूमीला निदान चार शतके परिचित आहेत.

या परिचयाच्या खुणा भाषेत उमटल्या आहेत. मराठीतील ‘बंदूक’ अरबीतून, ‘तोफ’ तुर्कीतून, ‘काडतूस’ पोर्तुगीजातून आणि ‘परवाना’ फारसीतून आला. शस्त्र आणि त्याचे नियमन या दोहोंसाठीचा हा शब्दसंग्रह असा बाहेरून आला असताना, मूळचा देशी शब्द ‘हत्यार’ मात्र टिकून राहिला. त्याचा संबंध ‘हस्त’ या शब्दाशी आहे. जे हातात धरून काम करावयाचे ते हत्यार. ‘हत्या’ या शब्दाशी आजचा भाषक त्याचे नाते जोडतो, ते उच्चारसादृश्यामुळे. सुताराची ती हत्यारे, चांभाराची ती हत्यारे आणि शिपायाचेही हत्यारच. खंडेनवमीच्या दिवशी तलवार, पटाशी आणि नांगराचा फाळ यांची पूजा एकाच पाटावर होते, यामागे हीच भाषिक जाणीव आहे. हत्यार आणि अवजार यांच्यात रेषा ओढण्याचे काम लोकव्यवहाराने केले नाही. ते कायद्याला करावे लागले. १९५९ च्या कायद्याची व्याख्या पाहिली तर केवळ घरगुती अथवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू, उदाहरणार्थ लाठी किंवा साधी काठी, शस्त्र या संज्ञेतून वगळल्याचे स्पष्टपणे सांगावे लागले आहे.

दुसरा सूचक शब्द ‘शिलेदार’. अरबी ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. स्वतःचे शस्त्र आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. मराठ्यांच्या लष्करात या दोहोंच्या मानात फरक होता आणि तो पगारापुरता नव्हता. ज्याचे हत्यार स्वतःचे, त्याच्या शब्दाला वजन अधिक. शस्त्र बाळगणे हे या समाजात संरक्षणाचे साधन होते, तसेच ते प्रतिष्ठेचेही चिन्ह होते. शस्त्र काढून घेणे म्हणजे मान काढून घेणे, ही भावना एकोणिसाव्या शतकातील राजकीय भाषेत पुढे वारंवार प्रकट होते, तिचे मूळ येथे आहे.

तथापि या जुन्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे योग्य होणार नाही. शस्त्र सर्वांच्या हाती नव्हते. मराठवाड्यातील गावोगावच्या गढ्या पाहिल्या म्हणजे ही गोष्ट ध्यानात येते. बुरुज आणि जंग्या गढीला असत. गावकुसाला, आणि त्यातही गावकुसाबाहेरच्या वस्तीला, असे संरक्षण नसे. निजामाच्या राज्यात देशमुख, जहागीरदार, आणि त्यांच्या पदरी असलेले अरब व रोहिले यांच्या हाती शस्त्रबळ एकवटले होते. १८१९ च्या जानेवारीत नांदेड-हिंगोली परिसरातील नोव्हाच्या गढीत नौसाजी नाईकाने निजामाच्या इंग्रज अधिकाऱ्यांखालील फौजेशी झुंज दिली, तेव्हा त्याच्या बाजूनेही अरब शिबंदी लढत होती. एकोणिसाव्या शतकात अरब जमादार सावकारीही करीत आणि कर्जवसुलीसाठी शस्त्राचा धाक वापरीत. पहिले सालारजंग यांच्या दिवाणगिरीत (१८५३–१८८३) या शिबंदीला आळा घालण्याचे प्रयत्न झाले. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण या मुलखात अनुभवाने पटलेली होती.

३

ब्रिटिश मुलखात याच काळात निराळी व्यवस्था आकारास येत होती. १८५७ च्या उठावानंतर १८६० मध्ये शस्त्रांविषयी कायदा झाला आणि पुढे लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा अकरावा कायदा अस्तित्वात आला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे, बरोबर नेणे, विकणे वा बनवणे हा गुन्हा ठरला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीच्या त्याच मार्च महिन्यात झाला. दोहोंचा जन्म एकाच वेळी झाल्यामुळे लोकांच्या मनात ते जोडीनेच राहिले. हात आणि तोंड एकदमच बांधले गेले, अशी सुशिक्षितांची भावना झाली.

परंतु खरा सल आणखी निराळा होता. या कायद्याने सरकारला सूट देण्याचा अधिकार दिला होता आणि त्याखालील नियमांनी युरोपीय लोकांना परवान्याच्या बंधनातून मुक्त ठेवले होते. एकाच शहरातील एका गोऱ्या व्यापाऱ्याने निःशंकपणे बंदूक बाळगावी आणि त्याच्या शेजारच्या हिंदी वकिलाने त्याच बंदुकीसाठी कलेक्टरच्या कचेरीत अर्ज घेऊन उभे राहावे, हा भेद डोळ्यांत खुपणारा होता. वंशभेदाचा हाच प्रश्न पुढे इल्बर्ट विधेयकाच्या वेळी, १८८३ मध्ये, न्यायदानाच्या संदर्भात उफाळून आला.

१८८५ मध्ये अफगाण सीमेवर रशियाशी युद्धाचा प्रसंग येईल अशी भीती निर्माण झाली, तेव्हा हिंदी सुशिक्षितांनी स्वयंसेवक पथकांत भरती होण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. त्यानंतर १८८७ च्या मद्रास येथील अधिवेशनात, बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली, राष्ट्रीय सभेने हत्यारांच्या कायद्यात दुरुस्तीची मागणी केली. बिपिनचंद्र पाल यांनी या कायद्यातील भेदभावावर कठोर टीका केली. या ठरावाची रचना विचार करण्याजोगी आहे. कायदा सर्वस्वी रद्द करून शस्त्रे मुक्त करावीत, असे त्यात म्हटलेले नाही. ज्यांना सकारण अपात्र ठरवले असेल त्यांच्याखेरीज सर्वांस शस्त्र बाळगता यावे, एवढेच मागणे होते. म्हणजे नियमन नको असे नाही, तर अपात्रता सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर असावे आणि ते सर्वांच्या बाबतीत सारखे असावे, हा त्यातील गाभा होय. संपूर्ण जनतेवर अविश्वासाचा शिक्का मारल्याची तक्रारही त्या ठरावात होती.

महात्मा गांधींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी प्रचार करताना, एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा हे ब्रिटिश राजवटीचे सर्वांत काळे कृत्य ठरेल, अशा आशयाचे विधान केले. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने असे म्हणावे, याचे अनेकांस आश्चर्य वाटते. परंतु शस्त्र खाली ठेवण्याचा नैतिक निर्णय ज्याच्या हाती मुळात शस्त्र येऊच शकत नाही त्याला घेता येत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या विधानातील संगती कळते.

पहिल्या महायुद्धानंतर नियमांत दुरुस्ती होऊन वंशावर आधारलेल्या सवलती दूर करण्यात आल्या. यानंतर मागणीच्या भाषेत झालेला बदल दुर्लक्षणीय नाही. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगितला आहे, परंतु दोन्ही ठिकाणी तो नियमांच्या अधीन राहून सांगितला आहे. विषमता दूर होताच नियमनाचे तत्त्व राष्ट्रीय लोकमताने निमूटपणे मान्य केले होते.

निजामाच्या सरहद्दीने या दोन व्यवस्था एकमेकींपासून वेगळ्या केल्या होत्या. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी पुणे जिल्ह्यात रामोशांच्या साहाय्याने उठाव केला. तो अयशस्वी होऊ लागताच नवी कुमक मिळवण्यासाठी त्यांची दृष्टी निजामाच्या मुलखातील रोहिल्यांकडे वळली. इंग्रजी मुलखात जे दुर्मीळ झाले होते, ते तेथे मोबदला देऊन मिळण्यासारखे होते. मात्र जो मोबदला देऊ शकेल त्यालाच ते मिळे. कंधारच्या कुणब्याला यातून काही लाभण्यासारखे नव्हते. त्याच्या पिकाचा नाश करणारे रानडुक्कर त्याच्या शेतात शिरे आणि बंदूक गढीच्या भिंतीवर टांगलेली असे.

४

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. ती १९४६ मध्ये उठली आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यातील चळवळीला वेग आला. १९४७ च्या नोव्हेंबरात निजामाने भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार केला. परंतु त्या करारात शांतता नव्हती. मजलिसे इत्तेहादुल मुसलमीनचे अध्यक्ष झालेले लातूरचे वकील कासिम रझवी यांनी रझाकार संघटनेचा विस्तार केला आणि शासनाने तिला मोकळे रान दिले. १९४८ मध्ये सिडने कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांनी हैदराबाद राज्यात शस्त्रे आणीत होता.

‘रझाकार’ या शब्दाकडे येथे क्षणभर लक्ष देणे आवश्यक आहे. ‘रझा’ म्हणजे संमती, इच्छा. स्वेच्छेने काम करणारा तो रझाकार. अर्थात हा ‘स्वयंसेवक’ या शब्दाचाच पर्याय होय. १८८५ मध्ये ज्या स्वयंसेवक पथकांत प्रवेश मिळावा म्हणून राष्ट्रीय विचाराच्या लोकांनी अर्ज केले, त्याच अर्थाचा शब्द साठ वर्षांनी मराठवाड्यात दहशतीचा पर्याय झाला. आजही नांदेड-लातूरकडे जुलूम करणाऱ्या माणसाला ‘रझाकार’ म्हणतात, त्यात धर्माचा संबंध उरलेला नसतो. सशस्त्र नागरिक हा शब्दप्रयोग तात्त्विक दृष्ट्या आकर्षक असला, तरी कोणता नागरिक सशस्त्र आणि कोणाच्या आश्रयाने, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ प्राप्त होत नाही, हे या एका शब्दाच्या इतिहासावरून दिसून येते.

रझाकार गावोगाव खंडणी बसवीत. जे गाव देण्यास नकार देई, त्याची लूट वा जाळपोळ होई. बिलोली तालुक्यातील अर्जापूरजवळ १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे या कार्यकर्त्याची हत्या झाली. कंधार तालुक्यात कल्हाळी येथील गढीवर नाईकांनी व ग्रामस्थांनी दिलेल्या झुंजीची स्मृती अद्याप जिवंत आहे. अशा प्रसंगी गावकऱ्यांच्या हाती काय असे? कुऱ्हाडी, गोफणी, भाले, आणि कोठे एखाददुसरी ठासणीची बंदूक. प्रतिकार शक्य झाला तो जेथे गढी होती आणि गढीचा मालक गावाच्या बाजूने उभा राहिला तेथे.

याच काळात सरहद्दीबाहेर सशस्त्र छावण्या उभ्या राहिल्या. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडातील उमरखेडची छावणी नांदेड जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची होती. १९४८ च्या जानेवारीत नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील स्टेट बँकेवर झालेली धाड ही या छावण्यांच्या कार्यातील सर्वाधिक गाजलेली घटना होय. या छावण्यांतील शस्त्रे कोणत्या परवान्यावर होती, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. निजामाच्या कायद्याने ते दरोडेखोर होते आणि जनतेच्या मते ते स्वातंत्र्यसैनिक होते. शेजारच्या तेलंगणात देशमुखांच्या गढ्यांतून हिसकावलेल्या बंदुका शेतकऱ्यांच्या दलांच्या हाती गेल्या होत्या आणि तेथे तो लढा १९५१ पर्यंत चालला.

१९४८ च्या उन्हाळ्यात कंधारच्या एखाद्या शेतकऱ्याला शस्त्रांवरील निर्बंधांविषयी विचारले असते, तर त्याने काय उत्तर दिले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. निर्बंध त्याच्यावर होते, रझाकारावर नव्हते. आपल्यालाही बंदूक हवी, हे त्याचे उत्तर असते, आणि त्या परिस्थितीत ते न्याय्य असते. इतिहास येथेच थांबला असता, तर शस्त्र बाळगण्याच्या हक्काच्या समर्थनार्थ मराठवाड्याइतके बळकट उदाहरण दुसरे सापडले नसते.

५

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद राज्यात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्त झाला. हा दिवस या प्रदेशाच्या सामूहिक स्मृतीत योग्य त्या गौरवाने नोंदला गेला आहे. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले, ते बराच काळ अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिले.

पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे सद्भावना मंडळ १९४८ च्या नोव्हेंबरअखेरीस हैदराबाद राज्यात आले. डिसेंबरात त्याचा दौरा पूर्ण झाला. त्याचा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध करण्यात आला नाही. पोलीस कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, असा त्यात अंदाज आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे त्यात म्हटले आहे. कंधार हा त्या नांदेड जिल्ह्यातील तालुका आणि लातूर हे त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गाव. मारले गेलेले बहुसंख्य लोक मुसलमान होते, आणि त्यांतील पुष्कळांचा रझाकारांशी काहीही संबंध नव्हता.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या अहवालातील एक निरीक्षण अत्यंत महत्त्वाचे आहे. लष्कराने मुसलमान वस्तीतील शस्त्रे काढून घेतली, परंतु हिंदूंची शस्त्रे पुष्कळ ठिकाणी त्यांच्याकडेच राहिली. अनेक ठिकाणी सैनिकांनी मुसलमानांचे संरक्षण केले आणि हिंदू शेजाऱ्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून त्यांना आश्रय दिला, याचीही नोंद त्यात आहे. परंतु जेथे एकाच गावातील एका वस्तीची हत्यारे जमा झाली आणि दुसरीची राहिली, तेथे शस्त्रजप्ती हा शांततेचा उपाय राहिला नाही. तिने बळी कोण हे ठरवून दिले.

ही घटना आणि आधीच्या दोन वर्षांतील रझाकारी अत्याचार यांची बेरीज-वजाबाकी करण्याचा प्रयत्न इतिहासलेखनात अनेकदा झाला आहे. एकाने दुसऱ्याचे समर्थन होत नाही, हे उघड आहे. शस्त्रनियमनाच्या अभ्यासकाने पाहावयाचे ते दोहोंतील समान सूत्र. पहिल्या वेळी शासनाने एका गटाला शस्त्रे दिली वा घेऊ दिली आणि दुसऱ्याला दिली नाहीत. दुसऱ्या वेळी शासनाने एका गटाची शस्त्रे घेतली आणि दुसऱ्याची घेतली नाहीत. पहिला प्रसंग सैल नियमनाचा आणि दुसरा कडक नियमनाचा म्हणता येईल. पण दोन्हींचा परिणाम एकाच प्रकारचा झाला. एकाच मातीत, काही महिन्यांच्या अंतराने, दोन्ही तत्त्वे आजमावली गेली आणि दोन्ही सारखीच फसली, याचे कारण दोहोंच्याही मुळाशी पक्षपात होता.

योगायोग असा, की सद्भावना मंडळ मराठवाडा-कर्नाटकात फिरत असतानाच, डिसेंबर १९४८ च्या पहिल्या दोन दिवसांत, दिल्लीस घटना समितीत नागरिकांच्या स्वातंत्र्यांविषयीच्या कलमावर चर्चा चालू होती. मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले हरि विष्णु कामत यांनी कराची ठरावाचा आधार घेऊन शस्त्र बाळगण्याचा हक्क त्या कलमात घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. शस्त्रहक्काची मागणी परकीय सत्तेने जनतेला निःशस्त्र केले होते त्या परिस्थितीत झाली होती; आता परिस्थिती पालटली आहे, असे त्यांनी सांगितले. प्रत्येक व्यक्तीला बाजारात जाऊन आक्रमणाची वाटेल ती साधने विकत घेता येऊ लागली, तर राज्यकारभार चालवणे कसे शक्य होईल, हे आपल्याला कळत नाही, असाही त्यांचा मुद्दा होता. आज आग्रह धरावयाचा तो शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नव्हे, तर कर्तव्याचा. राज्य संकटात असता त्याच्या रक्षणासाठी प्रत्येक नागरिकाला शस्त्र घेण्यास सांगण्याचा अधिकार राज्याला असावा, असे त्यांनी प्रतिपादन केले. दुरुस्ती नामंजूर झाली.

या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो. राज्यच जर पक्षपाती झाले, तर नागरिकाने काय करावे? मराठवाड्याचा तेव्हाचा अनुभव हाच प्रश्न विचारतो आणि तो सहजी निकालात काढता येण्यासारखा नाही. परंतु त्याच अनुभवातून हेही दिसते, की पक्षपाती राज्यात शस्त्रहक्क कागदावर असता, तरी तो बलवानांच्याच उपयोगी पडला असता. रझाकारांच्या हातातील बंदुकांनी कासिम रझवींच्या विरोधकांना अभय दिले नाही, आणि सप्टेंबरनंतर गावात राहिलेल्या हत्यारांनी दुर्बळ शेजाऱ्याचे रक्षण क्वचितच केले. अशा वेळी तारण करणारी गोष्ट शस्त्रांची संख्या नसून राज्याची निष्पक्षता असते. ती नसेल तर तिच्यासाठी झगडणे, हाच एक टिकाऊ मार्ग उरतो.

६

१८७८ चा कायदा स्वातंत्र्यानंतर पंधरा वर्षे टिकला. १९५९ च्या चोपन्नाव्या कायद्याने तो रद्द झाला आणि नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. तोपर्यंत मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला होता. इंग्रजी मुलूख आणि निजामी मुलूख यांच्या शस्त्रव्यवस्थांतील जुना भेद अशा रीतीने संपला.

या कायद्याची चर्चा सामान्यतः परवान्याच्या अटींपुरती होते. पण वर उल्लेखिलेल्या कसोटीवर त्याच्या काही तरतुदी अधिक महत्त्वाच्या ठरतात. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून कोणाचाही परवाना नाकारता येत नाही. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि नकाराविरुद्ध अपील करता येते. पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागण्याची सोय शेतकऱ्याला दिलेली आहे. तलवारीसारख्या हत्यारांना सरसकट परवाना लागत नाही. विशिष्ट क्षेत्रासाठी सरकारने अधिसूचना काढली तरच तो लागतो. १८८७ च्या ठरावातील गाभा, म्हणजे अपात्रता सिद्ध करण्याचे ओझे शासनावर टाकणे, हा पूर्णतः नव्हे तरी अंशतः या तरतुदींत उतरला आहे. गढीच्या भिंतीवरील बंदूक आणि कुणब्याचे शेत यांतील अंतर कायद्याच्या दृष्टीने तरी मिटले. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली आणि पीकरक्षणाच्या परवान्याचे प्रयोजन बहुतांशी उरले नाही, ही गोष्ट वेगळी.

समान कायद्यात अपवादाला स्थान असते काय, याचे उत्तरही नांदेडलाच मिळते. गुरू गोविंदसिंगांच्या अखेरच्या वास्तव्याने पवित्र झालेल्या हजूर साहिब येथे शस्त्रांना धार्मिक स्थान आहे. राज्यघटनेने शस्त्र बाळगण्याचा सर्वसाधारण हक्क नाकारला, परंतु पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात शीख धर्माच्या आचरणात कृपाण धारण करणे अंतर्भूत मानले. हा अपवाद उघडपणे, कारण देऊन आणि घटनेच्याच मजकुरात केलेला आहे. १८७८ च्या नियमांतील युरोपीयांची सूट मात्र केवळ सत्ताधाऱ्यांच्या वंशावर आधारलेली होती. लोकमताने पहिला अपवाद शांतपणे स्वीकारला आणि दुसऱ्याविरुद्ध सुमारे चाळीस वर्षे झगडा केला. लोकांचा आक्षेप भेदाला नसून अकारण भेदाला असतो, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

१९५९ नंतर नियमन उत्तरोत्तर कडक होत गेले. १९८३ मध्ये एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची मर्यादा तीन ठरली. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात ती एकावर आणण्याची मूळ सूचना होती. तिला विरोध झाल्यावर ती दोनवर स्थिरावली. समारंभात गोळीबार करणे हा त्याच दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरला. त्या वेळचा विरोध मुख्यतः पंजाब-राजस्थानकडून, वडिलोपार्जित शस्त्रे बाळगणाऱ्या घराण्यांकडून आणि नेमबाजीच्या खेळाशी संबंधित लोकांकडून झाला. मराठवाड्यात त्याचे पडसाद विशेष उमटले नाहीत. येथील सामान्य नागरिकाचा या नियमनाशी संबंध येतो तो दोनच प्रसंगी. सणावारी व तणावाच्या वेळी पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली निघणारे शस्त्रबंदीचे आदेश, आणि निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना ठाण्यात जमा करावी लागणारी हत्यारे, हे ते प्रसंग होत. तेव्हाही गावातील चर्चेचा विषय आदेश कडक आहे की नाही हा नसतो. अमक्याची बंदूक जमा झाली, तमक्याची का झाली नाही, हा असतो. या कुजबुजीला अभ्यासकाने क्षुल्लक मानू नये. १८८७ च्या ठरावात जो प्रश्न औपचारिक इंग्रजीत विचारला गेला, तोच प्रश्न येथे बोलीभाषेत विचारला जात आहे.

शस्त्रनियमनावरील लोकमताची मोजणी आता जगभर केली जाते आणि त्यात कायदा अधिक कडक हवा, आहे तसाच हवा की सैल हवा, एवढे तीनच पर्याय बहुधा लोकांपुढे ठेवले जातात. मराठवाड्याच्या इतिहासाने या प्रश्नपत्रिकेत आणखी एका प्रश्नाची भर घातली आहे : कायद्याची अंमलबजावणी सर्वांवर सारखी होते, असा तुमचा विश्वास आहे काय? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तेथे कडक नियमनही लोक मान्य करतात. नकारार्थी असेल तेथे सौम्य नियमनही त्यांना जाचते. १९४८ च्या सप्टेंबरात नांदेड जिल्ह्यातील ज्या कुटुंबांनी आपली हत्यारे सरकारच्या स्वाधीन केली, त्यांनी ती या विश्वासावरच केली असली पाहिजेत. तो विश्वास कितपत पाळला गेला, याचा हिशेब त्या जिल्ह्याच्या इतिहासात अद्याप पुरता मांडला गेलेला नाही.